हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज मिळेना, दाद कुठे मागू?

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात गाड्याच गाड्या आहेत, आणि त्यातही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेल्या. दसरा-दिवाळीला घेतलेल्या गाडीचा हार सुकला आणि पेट्रोलची बिलं डोळ्यांत भरायला लागली, असं दिसतंय. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, आणि त्यांच्या तक्रारींतल्या कंपन्यांची व शोरूमचीही नाहीत. यातलं एखादं प्रकरण उद्या ग्राहक आयोगापुढे जाईल, तिथे व्हायचं ते होऊ दे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, बेळगावात टिळकवाडीत राहतो. फंडाच्या पैशातून अठरा लाखांची हायब्रिड गाडी घेतली. जाहिरातीत लिटरला पंचवीसच्या वर आकडा होता. शोरूममधला पोरगा तर म्हणाला, "सर, गावात चालवा, तीसपण देईल." मला सतराच्या पुढे मिळत नाही. नातवाला शाळेत सोडणं, कॅम्पात बाजार, सोमवारी मिलिटरी महादेव, एवढंच गाडीचं काम. सर्व्हिसवाले म्हणतात गाडी ओके आहे. ही फसवणूक नाही काय? कंपनीवर केस घालावी की नको?

उत्तर : सर, केस घालता येते. कशावर घालायची ते मात्र आधी ठरवूया, कारण अशी प्रकरणं बहुधा तिथेच आपटतात.

जाहिरातीतला तो आकडा कंपनीने मनाने लिहिलेला नसतो, तो चाचणीचा असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत गाडी रस्त्यावर नेतच नाहीत, रोलरवर चढवतात. समोर पडद्यावर आलेख असतो, त्याप्रमाणे चालक सुमारे वीस मिनिटं गाडी पळवतो, थांबवतो, पुन्हा पळवतो. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मागे बसलेले पाहुणे नाहीत. पेट्रोलसुद्धा भरून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघणारा वायू गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळलं ते काढतात. दोन गाड्या शेजारी ठेवून निवड करायला हा आकडा ठीक. दुसऱ्या रेल्वे गेटला एसी लावून उभं राहायचं आणि तोच आकडा मागायचा, तर तो मिळणार नाही.

त्यात तुमचं गाडी वापरणं असं, की हायब्रिडलाही डोकं वर काढता येत नाही. गावात हायब्रिड चांगलं देते हे खोटं नाही. पण इंजिन आणि त्याच्या धुराची नळी तापेपर्यंत गाडी पेट्रोलवर चालतेच, तुमची इच्छा असो वा नसो. दोन-तीन किलोमीटरवरची शाळा येते तेव्हा कुठे ती तापलेली असते, आणि तुम्ही ती बंद करता. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. एसी बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की तिला भरायला इंजिन उठतं. पुण्या-बेंगळुरूच्या तासाभराच्या ट्रॅफिकमध्ये जी गाडी नाव काढते, तीच टिळकवाडी ते कॅम्प करताना हात आखडते.

म्हणून "जाहिरातीइतकं मिळत नाही" एवढ्याच पायावर दावा उभा केलात तर समोरचा वकील चाचणीचं प्रमाणपत्र काढतो, जाहिरातीखालची बारीक ओळ वाचून दाखवतो आणि तुम्ही पंधरा मिनिटांत हरता. कॅलिफोर्नियातल्या एका बाईंची केस यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्याकडे होंडाची २००६ ची सिव्हिक हायब्रिड होती. जाहिरात गॅलनला ५० मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला २१. त्यांना मिळत होतं तीसच्या आसपास, म्हणजे पावणेतेरा. सगळ्या मालकांच्या सामुदायिक तडजोडीत हातात शंभर-दोनशे डॉलर पडणार होते. बाई पूर्वी वकील होत्या. त्या तडजोडीतून बाहेर पडल्या आणि जिथे वकील लागतच नाही अशा छोट्या दाव्यांच्या कोर्टात स्वतः उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांना ९,८६७ डॉलर मंजूर झाले. जगभर बातमी झाली. मे महिन्यात अपिलात तो निकाल उलटला, ही बातमी मात्र फारशी कुणी वाचली नाही. आकडा सरकारी नियमांप्रमाणे काढलेला आणि जाहिरातीत तसाच वापरलेला, हे कंपनीच्या बाजूला गेलं.

याच्या उलट २०१३ सालची फोर्डची सी-मॅक्स हायब्रिड. तिथे आकडाच चुकला होता, कारण तो दुसऱ्या हायब्रिडच्या चाचणीवरून उचलला होता. इंजिन आणि गिअरबॉक्स तेच म्हणून तिथल्या नियमाला ते चालत होतं, पण गाडीची अंगलट वेगळी, वारा कापायची रीत वेगळी. शेवटी कंपनीने आकडा ४७ मैलांवरून ४३ वर आणला, विकत घेतलेल्यांना ५५० डॉलर दिले, आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी खाली आणावा लागला.

आपल्याकडचं पाहा. केरळात त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने २०२२ मध्ये फोर्डच्याच एका गाडीबद्दल ग्राहक महिलेला सुमारे तीन लाख भरपाई द्यायला लावली. ती हायब्रिड नव्हे. जाहिरात लिटरला ३२ ची होती, आणि आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाच्या चाचणीत अ‍ॅव्हरेज जवळजवळ ४० टक्के कमी भरलं. ती केस तज्ज्ञाच्या कागदावर जिंकली गेली, बाईंच्या संतापावर नाही.

तुमची केस तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे: "गावात चालवा, तीसपण देईल." हे वाक्य कुठल्या चाचणीत नाही, ब्रोशरात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाच्या गुणाबद्दल खोटं सांगून तो विकणं ही अनुचित व्यापार प्रथा, आणि ते तोंडी सांगितलं तरी चालतं. सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. त्या वेळी सोबत कोण होतं? मुलगा, सूनबाई? त्यांचं शपथपत्र घ्या. त्या पोराने नंतर मोबाइलवर काही पाठवलं असेल तर ते जिवापाड जपा.

दुसरी जागा, जी आपल्या सीमाभागात फार कुणी वापरत नाही: जाहिरातीत आकड्याशेजारी असते ती चांदणी (*), म्हणजे "अटी खाली वाचा". केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट आहे, की दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खुलासा हवा, आणि फाँटही तोच, ठळक आणि वाचता येईल असा. आता आपल्या मराठी पेपरात येणारी गाडीची पानभर जाहिरात काढून बघा. अंगठ्याएवढ्या अक्षरांत मराठी आकडा, आणि तळाला भिंगातून वाचावी लागणारी इंग्रजी ओळ. ते पान तुमच्याकडे असेल तर तारखेसकट ठेवा. प्राधिकरण दोषी ठरवील तर पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुढे पन्नास लाखांपर्यंत. त्यातला रुपया तुम्हाला मिळत नाही. तुमचे पैसे फक्त आयोगातून. पण प्राधिकरणाकडच्या तक्रारीची पोच हातात असली की शोरूमचा आवाज खाली येतो.

आणि तिसरं, गाडीतच दोष असेल तर? ब्रेक धरून राहणं, बॅटरी कमजोर असणं, टायरमध्ये हवा कमी. सर्व्हिस सेंटरला नुसतं तोंडी सांगून येऊ नका, जॉब कार्डवर "मायलेज कमी" हेच शब्द लिहून घ्या. तिथला माणूस "जनरल चेकअप" लिहायला बघेल. नंतर ते गाडी महामार्गाला काकतीकडे नेतात, एसी बंद करून पन्नास-साठच्या वेगाने फिरवून आणतात आणि "ओके" लिहितात. त्या फेरीत तुम्ही शेजारी बसा. वेग किती होता, एसी चालू होता का, हे त्याच कार्डवर त्यांच्याच हाताने लिहून मागा. नाही लिहिलं तर घरी येऊन त्याच दिवशी ई-मेल करा.

स्वतःही मोजा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा सोडा, तो बहुतेक गाड्यांत जरा खुशामतखोर असतो. एकच पंप, शक्य तर एकच मशीन. नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, पाच-पाच रुपयांचं काठोकाठ भरत बसायचं नाही. किलोमीटर वहीत, बिल वहीत चिकटवलेलं. टाकी उतरली की पुन्हा तसंच. पंपाच्या मापाचा संशय असेल तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हणा. ते शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर दाखवावं लागतं. शिवाय तुमच्याच मॉडेलची दुसरी गाडी हिंदवाडीत-अनगोळात कुणाकडे असेल तर ती तुमच्या वाटेने चार दिवस फिरवून बघा. तिलाही सतराच मिळालं तर दोष तुमच्या गाडीत नाही, आणि मग मी तुम्हाला केस घालायला सांगणार नाही, फक्त शोरूमच्या बोलण्यावर भांडा म्हणेन. तिला बावीस मिळाले तर मात्र सरळ आयोगात या.

तिथे कलम ३८ खाली गाडी प्रयोगशाळेत तपासायची मागणी करा. आयोग तज्ज्ञही नेमू शकतो; बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजांना काही तोटा नाही. अठरा लाखांच्या खरेदीला फी ४०० रुपये. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगातच. मुदत दोन वर्षं, ती उलटू देऊ नका. कंपनी आणि शोरूम, दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, वर फार तर १५. कायद्यात निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत असं लिहिलंय. ते वाचून आमच्या बाररूममध्ये सगळे हसतात, पण लिहिलंय खरं. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला तक्रार नोंदवून बघा, फुकट आहे, आणि कधी कधी तेवढ्यावरच फ्री सर्व्हिस किंवा काही रकमेवर तडजोड निघते. ती निघाली आणि बरी वाटली तर घ्या, सर. कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस बाळगू नये.

प्रश्न : ताई, आमचं निपाणीत कापडाचं दुकान आहे. गाडी कोल्हापुरातल्या शोरूममधून घेतली, पासिंग केए-२३ चं. अ‍ॅव्हरेजची तक्रार केली तर मॅनेजर म्हणतो, बिलावर बघा, वाद फक्त कोल्हापूरच्या कोर्टात. आणि वर म्हणतो, तुम्ही कर्नाटकातले, महाराष्ट्रात तुमची तक्रार कोण घेणार? मग आम्ही कुठं जायचं?

उत्तर : एका तोंडाने दोन्ही बोलतोय की हो तुमचा मॅनेजर! कोल्हापुरातच या म्हणतो आणि कोल्हापुरात कुणी घेणार नाही म्हणतो.

तक्रारदार जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्यातली मोठी सोय. तुमचं घर-दुकान दोन्ही निपाणीत, म्हणजे बेळगाव जिल्हा आयोग. बिलावरच्या छापील ओळीला घाबरू नका. कोल्हापूरचा हक्कही तुमच्याकडे आहेच, शोरूम तिथे आहे, व्यवहार तिथे झाला. तुम्ही कुठल्या राज्यात राहता याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता यातलं निवडायचं काय? निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या घरात, मध्ये वंटमुरीचा घाट. कोल्हापुरात मराठीतून तक्रार लिहाल तर चालते. बेळगावात ती कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहून घ्या आणि मराठी ब्रोशरचं भाषांतर सोबत जोडा. मी बेळगावची वकील, तरी सांगते, तुम्हाला कोल्हापूर सोयीचं. एकदा तिथे केलीत की मग बेळगावात दुसरी करू नका. तक्रार ऑनलाइनही होते, ई-जागृती पोर्टलवर, आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहायची परवानगी मागता येते. दुकान बंद ठेवायची पाळी रोज येणार नाही.

प्रश्न : मी खानापूरचा. डिझेल गाडी विकून सात सीटची हायब्रिड घेतली, पिवळ्या पाटीवर, स्वतः चालवतो. बेळगाव-पणजी चोर्ल्यातून भाडी मारतो. चढाला खाते ते समजू शकतो, पण शोरूममध्ये सांगितलं होतं की घाट उतरताना बॅटरी फुकट भरते. मला तर काहीच फरक पडत नाही. वर ते म्हणतात, तुम्ही धंद्याला गाडी घेतली, तुम्ही ग्राहक नाहीच.

उत्तर : दादा, आधी दुसरं. पोटापाण्यासाठी एकच गाडी घेऊन स्वतः चालवणारा माणूस ग्राहकच असतो. १९९५ मध्येच सुप्रीम कोर्टाने स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणाऱ्याचं उदाहरण देऊन हे सांगितलंय. चार गाड्या घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवले असते तर मात्र गोष्ट वेगळी. परमिट, लायसन्स, बँकेचा हप्ता, सगळं तुमच्या नावावर दिसेल अशी कागदं लावा, आणि तक्रारीत "उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून" हे शब्द लिहायला वकिलाला विसरू देऊ नका.

आता घाट. बॅटरी भरते हे खरं, पण किती भरते? अशा गाडीतली बॅटरी एक-दीड युनिटाच्या घरातली, आपण घरी लाइटच्या बिलात मोजतो तेच युनिट. कणकुंबी सोडून तुम्ही चोर्ल्यातून खाली केरीकडे सहा-सातशे मीटर उतरता. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी एवढी उतरली तर हिशेबाने साडेतीन युनिटांच्या आसपास ऊर्जा सुटते. बॅटरी अर्ध्या वाटेतच भरून जाते, पुढचं सगळं ब्रेकच्या आणि इंजिनच्या उष्णतेत जातं. घागर भरल्यावर नळ कितीही चालू ठेवला तरी पाणी मोरीतच जाणार. खाली उतरल्यावर साखळीपर्यंत ती भरलेली बॅटरी थोडी कामाला येते, तेवढाच फायदा. वरती पडद्यावर बॅटरी भरलेली दिसली की लिव्हर "बी" वर टाका, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरेल, निदान ब्रेक तरी वाचतील.

ही गाडीची बनावट आहे, दोष नव्हे. "घाटात फुकट भरते" हे बोलणं अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्यावर केस लढवणं जिकिरीचं. तुम्हाला डिझेलला काय मिळत होतं, हिला काय मिळतं आणि शोरूमने लेखी तुलना करून दिली होती का, ते कळवा. कोटेशनच्या कागदावर पेनाने "महिन्याला इतके वाचतील" असं करून देतात, तसा कागद असेल तर तो घेऊन या.

प्रश्न : चिक्कोडीहून लिहितो. पंपावरच्या इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज पडतं म्हणून शोरूमवाले हात वर करतात. खरं आहे का?

उत्तर : थोडं खरं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते आणि आता पंपावर २० टक्के मिसळलेलं येतं. या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांत घट एक-दोन टक्क्यांची, असं सरकारचं म्हणणं. जुन्या गाड्यांत त्याहून जास्त. पण पंचवीसचे सतरा व्हायला बत्तीस टक्के घट लागते. तेवढं सगळं इथेनॉलच्या माथी मारत असतील तर लेखी मारा म्हणावं. तुमच्या पत्रावरून तुम्ही ऊसवाले दिसता, तेव्हा इथेनॉलला फार शिव्या देऊ नका, कारखान्याचं बिल त्यातूनच निघतं.

प्रश्न : येळ्ळूरहून. जुन्या गाड्यांच्या दलालाकडून "हायब्रिड" लिहिलेली गाडी घेतली. ती बॅटरीवर एक फूटही चालत नाही.

उत्तर : ती माइल्ड हायब्रिड. तिच्यातली छोटी मोटर इंजिनला हातभार लावते, गाडी बंद-चालू करते. चाकं ओढत नाही. कंपनीचा बिल्ला खरा, त्यावर केस होत नाही. दलालाने "बॅटरीवर चालते" म्हणून विकली असेल आणि तो रीतसर धंदा करणारा असेल तर त्याच्यावर होईल. शेजाऱ्याकडून घेतली असतीत तर आयोगात जाता आलं नसतं.

प्रश्न : शहापूरहून. सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर "पक्कं २४ मिळेल मॅडम, माझी गॅरंटी" असं लिहिलेलं आहे. हे पुरावा म्हणून चालतं का? नुसता स्क्रीनशॉट पुरेल?

उत्तर : चालतं, आणि टिळकवाडीच्या सरांना तुमचा हेवा वाटेल. नुसता स्क्रीनशॉट नको. त्याचा नंबर आणि तारीख दिसेल असं पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून प्रिंट काढा, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लावा. पूर्वी त्याला ६५-बी म्हणायचे. आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतका काटेकोर नसतो, तरी समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. तो नंबर शोरूमच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेला असेल तर कार्डही जोडा, म्हणजे "तो आमचा माणूसच नव्हे" असं म्हणायची सोय राहत नाही. नोटीस पाठवायच्या आधी हे सगळं करून ठेवा, कारण नोटीस पोचली की पलीकडून मेसेज डिलीट व्हायला लागतात. आणि निकाल लागेपर्यंत तो मोबाइल एक्स्चेंजला देऊ नका.